मी परदेशी होते त्या वर्षीचे शनिवार

मत्सर करायचा तर मन लावून करावा, असं माझं मत आहे. मला त्याचा लहानपणापासूनचा सराव. धाकट्या चुलत बहिणीच्या रिबिनीपासून सुरुवात केली आणि पुढे चांगला हात बसला. पण माझ्या मत्सराची खरी कामगिरी पालघरच्या आमच्या नव्या कॉलेजात झाली. तिथे त्यानं मला काही महिने चक्क परदेशी करून सोडलं.

साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरच्या बाजूला अमेरिकन इंजिनिअर येऊन राहिले होते. आमची वाडी उमरोळीला. केळी, नारळ आणि कडेनं पानवेलीचे दोन मांडव. बाबांनी मला कॉलेजात घातलं ते काही माझी हुशारी बघून नव्हे. त्या दिवसांत आमच्याकडे नव्या रस्त्यासाठी जमिनी मोजणारी माणसं फिरत होती, आणि त्यांच्यामागून कागद येत ते इंग्रजीत. बाबा कागद घेऊन तलाठ्याकडे जात. तलाठी तो उलटसुलट करून तालुक्याच्या कचेरीकडे बोट दाखवी.

"घरात इंग्रजी वाचणारं एक मानूस पायजे," बाबा म्हणाले. "तू शीक. पन इंग्रजीच शिकायचं. बाकी जे शिकायचं ते वाडीत हाय."

म्हणजे इंग्रजी हा मुख्य विषय घेऊ दिला तर मी कॉलेजात, नाही तर पानवेलीच्या मांडवात. आणि तो विषय घ्यायचा तर पहिल्या वर्षाच्या परीक्षेत इंग्रजीत शंभरापैकी पन्नास गुण हवेत, असा नियम होता. मी मराठी शाळेतून आलेली. इंग्रजीचे नियम मला घडाघडा पाठ होते, पण बोलायला तोंड उघडलं की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि निबंध लिहायला घेतला की तीन ओळींत संपायचा. सहामाहीत मला अडतीस गुण मिळाले.

आमच्याच वर्गात ती होती. एका अमेरिकन इंजिनिअरची तरुण बायको. तिकडे तिचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं होतं. नवऱ्याचं इथलं काम दोन-तीन वर्षं चालणार, तोवर इथेच शिकावं असं तिनं ठरवलं. विषय निवडला इंग्रजी. ज्या भाषेत ती झोपेत बडबडत असेल ती शिकायला ती रोज जीपमधून पालघरला यायची. सगळं कॉलेज तिला मॅडम म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. ती मागच्या बाकावर बसायची आणि इंग्रजीचे सर आत आले की आमच्यासारखीच उठून उभी राहायची. त्या वेळी सर इतके लाजायचे की हजेरी घ्यायला विसरायचे.

आता हे सगळं मी सहन केलं असतं. तिचे पिवळे केस, तिची जीप, तिचं ते पाय लांब करून बसणं. खरी आग लागली ती परिपत्रकामुळे.

विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक परिपत्रक काढलं होतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतून, सयामहून बोटीनं आलेली, धड इंग्रजी न येणारी बिचारी मुलं असावीत. आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी म्हणून आलेली ही पहिलीच. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी परिपत्रकाची तिन्ही पानं सूचना-फलकावर लावली आणि त्यातला शब्द न् शब्द तिच्यावर लागू केला. तिच्यासाठी उकळलेल्या पाण्याचं वेगळं मडकं आलं, त्यावर पितळी झाकण. आम्हाला ग्रंथालयातून एका वेळी एक पुस्तक मिळायचं, तिला चार. तिचे स्थानिक पालक म्हणून खुद्द प्राचार्यांची नेमणूक झाली. वार्षिक परीक्षेत इंग्रजीला पाच गुणांची सवलत. आणि दर शनिवारी सकाळी दोन तास, परदेशी विद्यार्थ्यांचं इंग्रजी सुधारावं म्हणून, खास वर्ग.

पुन्हा सांगते. तिचं इंग्रजी सुधारावं म्हणून.

आणि शब्दकोश. कॉलेजात मोठा इंग्रजी शब्दकोश एकच होता, विटेएवढा जाड, निळ्या कापडी बांधणीचा. आम्हाला तो ग्रंथालयात उभ्यानं बघता यायचा, हात धुऊन. परिपत्रकात लिहिलं होतं की परदेशी विद्यार्थ्यास शब्दकोश घरी नेण्यास द्यावा. म्हणून तो रोज संध्याकाळी जीपमध्ये, पुढच्या सीटवर, तिच्या शेजारी बसून बोईसरला जायचा. मी उमरोळीला उतरून स्टेशनाबाहेर आले की कधी कधी ती जीप धूळ उडवत जाताना दिसायची. मला तिच्यापेक्षा त्या शब्दकोशाचा जास्त हेवा वाटायचा.

एकदा तिनं पालघरच्या स्टेशनाजवळ जीप थांबवून मला हात केला. वाटेतच आहे, सोडते, म्हणाली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "थँक यू. आय लाइक ट्रेन." गाडी पाऊण तास उशिरा होती. मी ती पाऊण तास आवडून घेतली.

शनिवारच्या वर्गाला बसू द्या म्हणून मी भाऊसाहेबांकडे गेले होते. भाऊसाहेब म्हणजे काळी टोपी, कानावर पेन्सिल आणि समोर शिक्क्यांची फळी. माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नसे, कागदावर असे.

"तो वर्ग परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे," ते म्हणाले.

"भाऊसाहेब, मला अडतीस मार्क आहेत."

"अडतीस असोत की आठ असोत. तू उमरोळीची."

मग मी रोज गाडीची वाट बघायच्या वेळात सूचना-फलकापुढे उभी राहू लागले. लोकांना वाटायचं, मुलगी अभ्यासू आहे. मी मत्सर करत होते. तीन पानं वाचता वाचता एक दिवस परदेशी विद्यार्थी कोणाला म्हणावं त्याचं कलम माझ्या नीट लक्षात आलं. ज्याचा जन्म भारताच्या अधिकाराबाहेरील प्रदेशात झाला असेल, असा विद्यार्थी. बस, एवढंच. पुढे काही नाही.

मी तिथेच हसले असावे, कारण शिपायानं विचारलं, "काय ताई, सुट्टी लागली काय?"

माझ्या आईचं माहेर दमणचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मी जन्मले ती दमणला, आजीच्या माजघरात. आणि मी जन्मले तेव्हा दमणवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेलं मी शाळेत होते तेव्हा. माझा जन्माचा दाखला आईच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी होता, पोर्तुगीज भाषेत, गोल मोठ्या शिक्क्याचा. शाळेत घालताना हेडमास्तरांना तो वाचता आला नव्हता. त्यांनी बाबांना विचारून तारीख लिहून घेतली होती.

"तो कागद तुला कशाला गो?" आईनं विचारलं.

"कॉलेजात मागतात."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी तो दाखला खिडकीच्या उजेडात धरला. उलटा केला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. शिक्का बघितल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला तो मी जन्मात विसरणार नाही.

"ही भाषा कुठली?"

"पोर्तुगीज."

"म्हणजे जन्म पोर्तुगीज अंमलात."

"कागद तसं म्हणतो."

मला वाटलं होतं, ते मला हाकलतील. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे रागानं बघितलं.

"मग इतके महिने नियमाबाहेर कशी राहिलीस? प्रवेशाच्या वेळी सांगायला नको? उद्या विद्यापीठानं विचारलं तर उत्तर मी देऊ?"

मी मान खाली घालून चूक कबूल केली. त्यांनी माझं नाव परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीत दोन नंबरला लिहिलं. त्याच आठवड्यात ती यादी विद्यापीठाला जायची होती, गेली. मग त्यांनी विचारलं, स्थानिक पालक कोण. मी म्हटलं, बाबा आहेत ना. ते म्हणाले, बाप चालत नाही, परदेशी विद्यार्थ्याचा बाप परदेशात असतो असं धरलेलं आहे. शेवटी स्थानिक पालक म्हणून त्यांनी स्वतःच सही केली. उकळलेल्या पाण्याच्या मडक्याला दुसरा पेला लागला.

शनिवारी मी खास वर्गाच्या दारात उभी राहिले तेव्हा सरांनी विचारलं, "तू इकडे कुठे?"

"मी परदेशी आहे, सर."

सरांनी यादी बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा यादी बघितली. "बस," म्हणाले. तिला ते "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायचे. मला "बस".

सर देशावरचे, नव्यानं लागलेले. शनिवारी ते कोट घालून यायचे, फक्त शनिवारी. परिपत्रकाबरोबर विद्यापीठानं एक पुस्तक पाठवलं होतं, त्यातूनच शिकवायचं असं बंधन होतं. पहिला धडा तिकीट खिडकीचा, दुसरा डॉक्टरचा, तिसरा पत्ता विचारण्याचा. सर तिकीट मास्तर व्हायचे आणि ती प्रवासी. ती गंभीरपणे म्हणायची की मला बोईसरचं एक तिकीट हवं आहे. सर म्हणायचे, व्हेरी गुड. मग प्रत्येक शब्द उच्चारून झाल्यावर ते तिच्याकडे असे बघायचे, जणू परीक्षा त्यांचीच आहे. ती मान हलवायची. त्यांच्या कोटाला घाम यायचा. माझी पाळी आली की मीही बोईसरचं तिकीट मागायची, पण तिनं मागितलेलं तिकीट पहिल्या वर्गाचं वाटायचं आणि माझं तिसऱ्या.

पण मला ते दोन तास सोन्यासारखे होते. मी दर शनिवारी थोडं थोडं बोलू लागले. आधी तिकीट, मग ताप, मग पत्ता. आणि मग एक गंमत झाली. सर दर चार शनिवारांनी व्याकरणाची लेखी चाचणी घ्यायचे. वाक्य असं का, तसं का नाही, नियम सांगा. मला पंचवीसपैकी बावीस. तिला अकरा.

तिनं माझा पेपर मागून घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "तुला हे सगळं कुठून माहीत?"

"शाळेत. छडी होती," मी म्हटलं. हे वाक्य मी इंग्रजीत, न अडखळता बोलले.

"मला बरोबर काय ते कळतं," ती म्हणाली, "पण का ते कधीच सांगता येत नाही. आमच्याकडे कुणी विचारतच नाही." आणि पुढे म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो."

माझ्या आयुष्यातला तो सर्वात सुंदर शनिवार. घरी येऊन मी दोन वेळा जेवले.

तेव्हापासून आमचा सौदा ठरला. वर्ग सुटला की कॉलेजामागच्या बदामाखाली बसून मी तिला व्याकरणाचे नियम शिकवायचे, आणि त्या बदल्यात रविवारपुरता शब्दकोश माझा. मी तो पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून गाडीनं घरी आणायची. ती चांगली शिकायची, पटकन शिकायची. फार पटकन. हे लक्षात आलं तसा माझा आनंद कमी होऊ लागला. तिला तिची भाषा येत होतीच, आता माझी छडीही तिला मिळणार. म्हणून एक प्रकरण मी मागे ठेवलं. व्याकरणाच्या पुस्तकातलं सातवं. ते नेहमी दहा गुणांना येतं. "ते महत्त्वाचं नाही," असं मी तिला सांगितलं. मी हे अभिमानानं सांगत नाही. फार लाजूनही सांगत नाही.

मग हवालदार आला.

परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं की परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलीस ठाण्याला कळवावीत. भाऊसाहेबांनी कळवली. रविवारी सकाळी बाबा केळीला पाणी सोडत होते आणि मी ओटीवर शब्दकोश उघडून बसले होते, तेव्हा सायकल टेकवून हवालदार आत आला.

"इथं एक परदेशी बाई राहते म्हणून कळलंय."

"इथं मी, माजी बायको न माजी पोरगी," बाबा म्हणाले. "परदेशी कोन नाय."

हवालदारानं कागद वाचला. माझं नाव, बाबांचं नाव, गाव उमरोळी. "ही पोरगी कुठली?"

"माजी."

"जन्मली कुठं?"

"आजोळी. दमनला."

"मग बरोबर आहे. परदेशी."

बाबांनी फावडं खाली ठेवलं. "हवालदारसायेब, माज्या सासऱ्याची न माजी वाडी एकाच दर्याच्या काठाला हाय. मधी दोन खाड्या, बस."

आई आतून नारळपाणी घेऊन आली होती. हवालदारानं तिच्याकडे बघून विचारलं, "म्हणजे ह्यांचाही जन्म तिकडचाच?"

"हो," आई म्हणाली, "न लगीनबी तिकडंच. येताना वऱ्हाड हद्दीच्या नाक्यावर दोन तास बसवलेलं. माज्या नवऱ्याच्या टोपीत हात घालून बघितलं कस्टमवाल्यांनी, सोनं हाय काय म्हनून."

"होतं काय?" हवालदारानं विचारलं.

"टक्कल होतं," आई म्हणाली.

हवालदारानं नारळपाणी संपवलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. बाबा ओटीवर येऊन बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ते शब्दकोशाकडे बघत राहिले.

"हे पुस्तक कोनाचं?"

"कॉलेजचं. परदेशी विद्यार्थ्यांना देतात."

बाबा म्हणाले, "म्हनून परदेशी झालीस?" आणि मग हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हसल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढे कित्येक वर्षं उमरोळीत मला फिरंगीण म्हणत. अजूनही दोघी म्हाताऱ्या म्हणतात.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. हवालदाराचा कागद त्यांच्या टेबलावर होता. भाऊसाहेब बाजूला ताठ उभे होते.

"हा काय प्रकार आहे?"

"सर, मला शनिवारच्या वर्गाला बसायचं होतं."

"तो वर्ग इंग्रजी न येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे."

"मला येत नाही, सर."

"पण तू परदेशी नाहीस."

"आणि मॅडमना येतं, सर."

प्राचार्य खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नियम आहे." भाऊसाहेबांनी माझ्यासमोर वर्गाच्या हजेरीपटातलं माझं नाव लाल शाईनं कापलं. दुसरा पेला मडक्यावरून गेला. शब्दकोश परत जीपमध्ये बसू लागला. मॅडमनं बदामाखाली बसायचं चालू ठेवू या म्हटलं, पण मी गेले नाही. दान घेऊन शिकण्यापेक्षा मी न शिकता जळणं पसंत केलं. वर्गाच्या भिंतीला झडप नसलेली एक खिडकी होती, तिच्याखाली व्हरांड्यात मात्र मी दर शनिवारी काहीतरी विणत बसायची. मला विणता येत नाही.

निकाल लागला तो मे महिन्यात. गुणांची यादी दारावर होती. मी वरून बघत आले तर तिचं नाव आधी आलं. एकोणपन्नास. जिची आई इंग्रजीत अंगाई गात असेल तिला इंग्रजीत एकोणपन्नास. त्या आकड्यापुढे छोटी चांदणी आणि चोपन्न. पाचाची सवलत. मग खाली माझं नाव. सेहेचाळीस.

मांडव डोळ्यांपुढे आला. पानवेलीच्या गाठी बांधणारे माझे हात मला दिसले. आणि मग दिसलं की माझ्याही आकड्यापुढे चांदणी आहे, आणि चांदणीपुढे एक्कावन्न.

मी भाऊसाहेबांच्या खिडकीशी गेले. ते शिक्के पुसत होते.

"भाऊसाहेब, माझ्या गुणांत काहीतरी..."

"काय झालं?"

"चांदणी आहे."

त्यांनी वर बघितलं नाही. "हजेरीपट कॉलेजचा. तो दुरुस्त केला. यादी विद्यापीठाला गेलेली. ती मागं घ्यायची तर पत्र लिहावं लागतं, आणि त्या पत्रात माझी चूक झाली असं लिहावं लागतं." त्यांनी एक शिक्का उजेडात धरून फुंकला. "माझी यादी आजवर परत आलेली नाही."

"मग मी अजून..."

"विद्यापीठाच्या लेखी आहेस. जा आता. आणि कुठं बोलू नकोस. विशेषतः इंग्रजीत."

म्हणून इंग्रजी हा विषय मला मिळाला तो पोर्तुगीज म्हणून. बाबांना मी फक्त एक्कावन्न सांगितले. ते म्हणाले, "पन्नासाच्या वर हाय ना? मग उद्या तो रस्त्याचा कागद वाच." मी वाचला. अर्धा कळला. उरलेला अर्धा मी ठणकावून वाचला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा मुख्य इंग्रजीच्या वर्गात आम्ही सहा जण होतो. ती येऊन माझ्याच बाकावर बसली.

"सातवं प्रकरण आलं होतं," ती म्हणाली. "दहा गुणांना."

मी पुस्तकात डोकं घातलं.

"तू म्हणालीस, महत्त्वाचं नाही."

"चोपन्न मिळाले ना तुला?" मी म्हटलं. "मला एक्कावन्न."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की सर दारातच थबकले. मला हसू आलं नाही. तीन गुण म्हणजे तीन गुण.

विद्यापीठाच्या लेखी मी परदेशी होते, त्यामुळे शब्दकोशावर माझाही हक्क होता. ग्रंथपालानं यादी बघून ते मान्य केलं. पण शब्दकोश एकच. एक आठवडा तिचा, एक माझा, असं ठरलं. माझ्या आठवड्यात मी त्याला पिशवीत घालून गाडीनं न्यायची. तिच्या आठवड्यात ती जीप घेऊन स्टेशनाजवळ थांबायची, हात करायची, आणि मी निमूट चढायची. पुढच्या सीटवर शब्दकोश असे. मी तो उचलून मांडीवर घ्यायची, हात धुतलेले नसले तरी, आणि उमरोळी येईपर्यंत कुणाला देत नसे.